पिस्तूल कोणाच्या हातात?

मारिओ पुझोच्या ‘द गॉडफादर’ या कादंबरीत बँडमालक लेस हॅलीच्या कपाळाला पिस्तूल लावतो तो खुद्द डॉन व्हिटो कॉर्लिओने. गायक जॉनी फॉन्टेन हा डॉनचा धर्मपुत्र. त्याला करारातून मोकळं करायला हॅली तयार नसतो. आधी रीतसर पैसे देऊ केले जातात, ते तो नाकारतो. मग डॉन दोन माणसं बरोबर घेऊन स्वतः जातो आणि दहा हजार डॉलरच्या चेकवर काम उरकतं. त्या दोघांतला एक म्हणजे सल्लागार गेन्को आणि दुसरा लुका ब्राझी. कादंबरीत लुका तिथे नुसता हजर आहे. १९७२च्या चित्रपटात हीच हकीगत डॉनचा धाकटा मुलगा मायकेल आपल्या प्रेयसीला, के हिला, बहिणीच्या लग्नात जेवणाच्या टेबलाशी बसून सांगतो, तेव्हा मात्र पिस्तूल लुकाच्या हातात गेलेलं असतं. डॉनकडे उरतं ते फक्त बोलणं. रक्कमही दहा हजारांवरून एक हजारावर आलेली असते, पण तो हिशेब तूर्त बाजूला ठेवू.

पटकथेत असे बदल शेकड्यांनी होतात. हा मात्र सहज झालेला वाटत नाही. प्रेक्षकाने ज्याच्यावर जीव लावायचा, ज्याच्या मांडीवर मांजर बसवायचं, ज्याच्या मरणाने हळहळायचं, त्याच्या हातात पहिल्याच अर्ध्या तासात पिस्तूल देणं परवडणारं नव्हतं. ते दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्यायला हवं होतं. लुका ब्राझी नावाचं पात्र आहे ते त्यासाठीच, असं माझं मत आहे आणि पुढच्या पानांत तेच मी नाना वाटांनी मांडलं आहे.

पडद्यावर लुका जेमतेम काही मिनिटं दिसतो. कादंबरीतही तो लवकरच मरतो. तरी ज्याने ‘गॉडफादर’ एकदा पाहिला आहे, त्याला डॉन झालेल्या मार्लन ब्रँडोच्या खालोखाल आठवतो तो बहुधा हाच धिप्पाड, अडखळत बोलणारा माणूस. आपल्याकडे रामगोपाल वर्मांनी ‘सरकार’ (२००५) करताना ही गोष्ट सुभाष नागरे या मराठी माणसाच्या घरात आणून बसवली, आणि मुंबईकराला ती परकी वाटली नाही. दरबार भरवणारा, गाऱ्हाणी ऐकणारा, पोलिसांच्या आधी न्याय देणारा ‘साहेब’ आपल्याला ठाऊक होता. पण साहेबाच्या मागे, दाराशी, हाताची घडी घालून जो उभा असतो त्याच्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. चरित्र साहेबाचं लिहितात.

आता थोडं या माणसाच्या हुद्द्याबद्दल. अमेरिकेतल्या माफियाची उतरंड बहुतेकांना तोंडपाठ असते: वर बॉस, त्याच्या हाताखाली उपप्रमुख, बाजूला सल्लागार म्हणजे कॉन्सिलिएरी, खाली पथकांचे म्होरके म्हणजे कापोरेजिमे, आणि तळाला सोल्जर. ही रचना पक्की झाली ती १९३०-३१च्या कास्टेलामारेसे युद्धानंतर. त्या भांडणात जो मासेरिया एप्रिल १९३१ मध्ये कोनी आयलंडच्या एका खानावळीत मारला गेला आणि जिंकलेला साल्व्हातोरे मारांझानोही त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आपल्या कचेरीत मारला गेला. पुझोने आपल्या कादंबरीतही मारांझानो नावाचा एक शत्रू ठेवला आहे. व्हिटो कॉर्लिओनेचं साम्राज्य उभं राहतं ते त्याला संपवूनच.

सोल्जर हा शब्द ऐकून वाटतं तसा त्याला पगार नसतो. उलट तोच वर पैसे पाठवतो. त्याला मिळते ती सनद: या नावाखाली धंदा कर, तुला कुणी हात लावणार नाही, आणि हाक मारली की रात्री-अपरात्री हजर हो. आपल्याकडच्या हप्तेवसुलीत पैसा कोणत्या दिशेने वाहतो हे ज्याला माहीत आहे, त्याला हे निराळं समजवायला नको.

हे सगळं जगाला कळलं तेही एका सोल्जरकडूनच. जोसेफ व्हलाची. १९६३ च्या शरद ऋतूत तो अमेरिकन सेनेटच्या मॅक्लेलन समितीपुढे बसला आणि टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर त्याने आतली बाराखडी सांगितली. १९३० मध्ये झालेली आपली दीक्षा त्याने वर्णन केली: टेबलावर पिस्तूल आणि सुरा, ओंजळीत जळता कागद, टोचलेल्या बोटातून काढलेलं रक्त. ऐकायला हे सगळं भारदस्त वाटतं. त्याच्या आयुष्याचा बाकीचा तपशील मात्र अगदी किरकोळीचा आहे. तरुणपणी घरफोडी करणाऱ्या टोळीची गाडी हाकायची, पुढे नाण्यांवर चालणारी जुगाराची यंत्रं, आपल्या मटक्यासारखा आकड्यांचा धंदा, व्याजाने पैसे, कपड्यांचा एक कारखाना, मग अमली पदार्थ आणि तुरुंग. अटलांटाच्या तुरुंगात तो आणि त्याचा बॉस व्हिटो जेनोव्हीझ एकत्र आले. बॉसने आपल्या गालाचं चुंबन घेतलं म्हणजे आपला निकाल लागला, अशी व्हलाचीची खात्री झाली. जून १९६२ मध्ये, आपल्याला मारायला येणारा हाच, असं समजून त्याने लोखंडी पाइपने एका कैद्याला ठेचलं. तो भलताच निघाला. त्याचा कशाशीच संबंध नव्हता. त्यानंतर व्हलाची सरकारकडे गेला आणि बोलू लागला.

खरा सोल्जर असा होता. भेदरलेला, पैशाची ओढाताण असलेला, आपल्याच मालकाच्या चुंबनाला भिणारा. पीटर मास यांनी व्हलाचीवर लिहिलेलं पुस्तक १९६८ मध्ये बाजारात आलं आणि १९६९ मध्ये पुझोची कादंबरी. वाचकांनी दोन्ही वाचली, पण प्रेमात पडले ते दुसरीच्या. त्यात सोल्जर भेदरलेला नव्हता. तो एकनिष्ठ होता.

पुझोचा जन्म मॅनहॅटनमधल्या हेल्स किचन वस्तीतला, आईवडील नेपल्सच्या बाजूचे, सिसिलीचे नव्हेत. दोन कादंबऱ्या चांगल्या म्हणवल्या गेल्या होत्या पण खपल्या नव्हत्या, आणि जुगारामुळे डोक्यावर कर्ज होतं. आपण एकाही खऱ्याखुऱ्या गुंडाला ओळखत नव्हतो, सगळं वाचून आणि ऐकून लिहिलं, हे त्याने नंतर मोकळेपणाने कबूल केलं. डॉनचं शहाणपण त्याने घेतलं ते आपल्या आईच्या बोलण्यातून. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. डॉनच्या तोंडी आई आली, तर मग टोळीप्रमुखाचं क्रौर्य कुठे ठेवायचं? ते लुकाकडे गेलं.

आणि गेलं ते हातचं न राखता. कादंबरीत लुकाच्या दोन हकिगती अशा आहेत, की चित्रपटाने त्यांना शिवण्याचंही धाडस केलं नाही. पहिली मारांझानोशी चाललेल्या लढाईच्या काळातली. अल कपोन मारांझानोच्या मदतीला शिकागोहून दोन मारेकरी धाडतो. लुका दोघांना पकडतो, हातपाय बांधतो, तोंडात टॉवेल कोंबतो आणि एकाला कुऱ्हाडीने तोडायला घेतो. दुसऱ्याकडे वळतो तेव्हा तो भीतीनेच टॉवेल गिळून गुदमरून मेलेला असतो. ही हकीगत पुझो जवळजवळ विनोदाच्या सुरात सांगतो, आणि वाचकही, खरं सांगायचं तर, किंचित हसून पुढे जातो. मेलेले दोघे कपोनचे होते ना.

दुसऱ्या हकिगतीत हसायची सोय नाही. मायकेल सिसिलीत लपून राहिलेला असताना फिलोमिना नावाची एक वृद्ध बाई त्याला ती सांगते. ती पूर्वी न्यूयॉर्कमध्ये सुईण होती. एका रात्री लुका तिला घेऊन गेला. एक आयरिश मुलगी अडली होती. मूल लुकाचं होतं. ते जन्मल्यावर त्याने सुईणीला ते तळघरातल्या भट्टीत टाकायला लावलं. तिने नकार दिला तेव्हा सुरा काढला. पुढे त्या मुलीचाही जीव गेला. फिलोमिना धावत गेली ती पोलिसांकडे नव्हे, व्हिटो कॉर्लिओनेकडे. त्याने तिला अभय दिलं, तिची सोय लावली, तोंड बंद ठेवायला सांगितलं. आणि लुकालाही आपल्या पदरात घेतलं.

इथे थांबून वाचायला हवं. डॉनला ते मूल माहीत होतं. ती मुलगी माहीत होती. आणि हे सगळं माहीत असलेल्या माणसाने विचार केला तो असा: हा उपयोगाचा आहे. मागाहून तो मायकेलला याचं शास्त्रच समजावतो. जगात काही माणसं मरण मागत फिरत असतात. भांडणं उकरतात, कुणाचीच भीती बाळगत नाहीत, आणि शेवटी कुणीतरी त्यांची इच्छा पुरवतो. अशा माणसाच्या मनात एकच भीती रुजवायची: मरणाची नव्हे, तर ते तुझ्या हातून येण्याची. एवढं साधलं की तो तुझा. पुझोच्या संपूर्ण कादंबरीत डॉनबद्दल याहून भयंकर काही लिहिलेलं नाही, आणि ते त्याच्याच तोंडी, एखाद्या आजोबाने नातवाला व्यवहार शिकवावा तशा आवाजात येतं.

आता चित्रपटातलं लग्न. ऑगस्ट १९४५. बाहेर बागेत बँड वाजतोय, आत काळोख्या खोलीत डॉन गाऱ्हाणी ऐकतोय. बागेत एका टेबलाशी लुका एकटाच बसून काहीतरी पुटपुटतो आहे. के घाबरून विचारते, हा कोण? तो डॉनसमोर म्हणायची चार वाक्यं पाठ करत असतो. डॉनचा वकील टॉम हेगन आत जाऊन सांगतो, लुका भेटायला थांबलाय. डॉन कंटाळून विचारतो, आत्ताच भेटायला हवं का? टॉम म्हणतो, आपल्याला आमंत्रण येईल असं त्याला वाटलंच नव्हतं, म्हणून आभार मानायचेत. मग तो येतो. काळा सूट, मान खांद्यांत रुतलेली, हातात नवरीसाठी पाकीट. निमंत्रणाबद्दल आभार, पहिला मुलगा होवो ही शुभेच्छा. मध्येच शब्द सापडत नाहीत, तो पुन्हा मागे जातो, पुन्हा सुरू करतो. ब्रँडो शांतपणे वाट पाहतो. शेवटी लुका स्वतःच म्हणतो, तुम्ही कामात आहात, मी निघतो.

ती अडखळ लिहिलेली नव्हती. लुका झालेला लेनी मोंटाना हा ब्रुकलिनचा माणूस, साडेसहा फूट उंचीचा, कुस्तीच्या आखाड्यात ‘झीब्रा किड’ नावाने लढलेला, आणि न्यूयॉर्कच्या कोलंबो टोळीच्या वर्तुळात अंगरक्षक म्हणून वावरलेला. ती टोळी त्या वेळी या चित्रपटाच्या फार जवळ होती. जोसेफ कोलंबोने इटालियन-अमेरिकनांच्या हक्कांसाठी एक संघटना काढली होती, चित्रपटाला विरोध चालला होता, आणि निर्माता अल रडीने पटकथेतून ‘माफिया’ हा शब्द काढून टाकायचं मान्य करून तो मिटवला. (माफियावरच्या सर्वांत प्रसिद्ध चित्रपटातून माफियाच्या दबावाने ‘माफिया’ शब्द गेला, यावर वेगळं काही म्हणायची गरज नाही.) तर असा हा मोंटाना, ज्याला बघून लोक रस्ता बदलत, मार्लन ब्रँडोसमोर उभा राहिला आणि त्याची बोबडी वळली. वाक्यं विसरू लागला. दिग्दर्शक कोपोलाने ते चित्रण फेकून दिलं नाही. उलट त्याआधी लुका बागेत बसून पाठांतर करतोय असं दृश्य जोडून त्या भीतीला कारण दिलं.

परिणाम असा झाला की कादंबरीतला राक्षस पडद्यावर शाळकरी पोराइतका केविलवाणा झाला. ज्याने मूल भट्टीत टाकायला लावलं तो माणूस आपल्याला आवडू लागला, कारण त्याला आभार नीट मानता येत नाहीत. एका नवख्या नटाची घबराट आणि दिग्दर्शकाची हुशारी यांनी जे साधलं, ते पुझोच्या लेखणीला साधलं नव्हतं. आणि साधलं ते योग्य की अयोग्य, याबद्दल माझं मन आजही पुरतं स्वच्छ नाही. अभिनय म्हणून ते दृश्य अप्रतिम आहे. सत्य म्हणून ते डॉनला फार स्वस्तात सोडतं: ज्याच्यावर असा माणूस एवढा जीव टाकतो तो मोठाच असणार, असं आपण नकळत मान्य करून बसतो.

त्याच्या मरणाकडे वळू. डॉन सोलोझो या तस्कराचा अमली पदार्थांचा प्रस्ताव नाकारतो, आणि लुकाला सांगतो की तातालिया या शत्रुघराण्याकडे जा, आपण नाराज आहोत असं भासव, त्यांच्या मनात काय आहे ते काढ. इथे डॉन हिशेबात चुकतो. लुका ब्राझी कॉर्लिओनेवर नाराज आहे यावर कोण विश्वास ठेवणार? ज्याला चार वाक्यांचे आभार सांभाळता येत नाहीत, त्याला डॉन नाटक करायला पाठवतो. इतकी वर्षं ज्या निष्ठेच्या जोरावर राज्य केलं तीच लपवायला सांगतो.

चित्रपटात लुका खोलीत तयार होताना दिसतो. अंगात बुलेटप्रूफ जॅकेट चढवतो, पिस्तूल तपासतो. मग हॉटेलच्या रिकाम्या बारमध्ये येतो. कॅमेरा बाहेर, काचेपलीकडे, आणि त्या काचेवर मासे कोरलेले. ब्रुनो तातालिया आणि सोलोझो. बोलणं सिसिलियनमध्ये. सुरुवातीला पन्नास हजार डॉलर. लुका तोंडात सिगारेट धरतो, सोलोझो पेटवून देतो, ब्रुनो त्याच्या हातावर मैत्रीने हात ठेवतो, आणि तोच हात घट्ट धरला जातो. सोलोझो सुरा तळहातातून लाकडात ठोकतो. मागून फास पडतो. जॅकेट होतं ते गोळीसाठी. दोरीपुढे त्याचा काय उपयोग? तेच जॅकेट नंतर कॉर्लिओनेंच्या घरी येतं, आत मेलेला मासा गुंडाळलेलं, आणि डॉनचा म्होरक्या क्लेमेंझा त्याचा अर्थ सांगतो.

या मरणाचं वजन कळतं ते त्याच्या नंतरच्या काही मिनिटांत. फळांच्या गाड्याशी डॉनवर गोळ्या झाडल्या जातात. टॉम हेगनला पळवून नेलेलं असतं. सोलोझो त्याला समजावतो की आता तह करा, डॉनच्या थोरल्या मुलाला, सनीला, समजव. टॉम म्हणतो, सनी ऐकेल, पण लुकाचं काय? सोलोझो म्हणतो, लुकाची काळजी मी करतो. प्रेक्षकाला माहीत असतं, टॉमला नसतं. घरी सनी पुन्हा पुन्हा लुकाला फोन लावायला सांगतो. एवढं मोठं घराणं, वकील, न्यायाधीश, सेनेटर खिशात असलेलं, आणि संकटाच्या रात्री सगळे एका न उचलल्या जाणाऱ्या फोनकडे बघतात. शत्रूनेही डॉनच्या आधी लुकाला मारलं होतं, कारण डॉनचं बळ नेमकं कुठे आहे हे त्याला पक्कं कळलं होतं.

लुका गेल्यावर काही काळ घराण्याला स्वतःच्या हाताने काम करावं लागतं. मायकेल खानावळीत सोलोझो आणि पोलीस कॅप्टन मॅक्लस्कीला स्वतः गोळ्या घालतो. बापानेही तरुणपणी वस्तीतल्या फानुची या दादाला स्वतःच मारलं होतं. डॉन होण्याआधीची ही पायरी दिसते: आधी स्वतःच्या हाताने, मग दुसऱ्याच्या. मायकेल डॉन झाल्यावर पुन्हा लगेच एक हात शोधतो. अल नेरी, पूर्वीचा पोलीस, स्वभावाने संतापी, संकटात सापडलेला. लुकाबद्दलचं ते शास्त्र मायकेल त्याच्यावर वापरतो आणि ते लागू पडतं. १९७४च्या दुसऱ्या भागात स्वतःच्या भावाला, फ्रेडोला, तळ्यातल्या होडीत मारायचं असतं तेव्हाही पिस्तूल नेरीच्या हातात असतं. मायकेल खिडकीशी असतो.

त्याच दुसऱ्या भागात सेनेटची सुनावणी आहे, उघडच व्हलाचीच्या साक्षीवर बेतलेली. विली चिची नावाच्या सोल्जरला विचारतात, मायकेल कॉर्लिओनेकडून तुला थेट हुकूम कधी मिळाला का? तो म्हणतो, कधीच नाही. मधे बरेच थर होते. सभागृहात हशा होतो. अमेरिकेच्या सरकारी वकिलांना मात्र हे थर हसण्यावारी नेता आले नाहीत. बॉसने पिस्तूल धरल्याचा पुरावा कधीच नसे, म्हणून बॉस सुटत आणि लुका मंडळी आत जात. १९७० मध्ये झालेल्या रिको कायद्याने प्रश्नच बदलला: गोळी कुणी झाडली हे राहू द्या, धंदा कुणाचा होता ते सांगा. त्याच कायद्याखाली १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या टोळ्यांच्या प्रमुखांवरचा ‘कमिशन’ खटला निकाली लागला आणि पुढच्या जानेवारीत तीन बॉसना शंभर-शंभर वर्षांच्या शिक्षा झाल्या. कायद्याने जे ओळखायला इतकी वर्षं घेतली ते सोलोझोला १९४५ मध्ये कळलं होतं, फक्त उलट्या बाजूने.

लुकाचं पुढे काय झालं, तर २०१२ मध्ये एड फाल्को यांनी पुझोच्या एका पटकथेवरून ‘द फॅमिली कॉर्लिओने’ ही कादंबरी लिहिली. तिच्यात १९३०च्या दशकातला तरुण लुका येतो, स्वतःची टोळी असलेला, अजून कुणाचा न झालेला. ती वाचनीय आहे, पण मला लुकाला इतका भूतकाळ देणं मानवत नाही. त्याला बालपण दिलं की कारण द्यावं लागतं, कारण दिलं की थोडी सूट द्यावी लागते. पुझोने त्याचं बालपण सांगितलंच नाही; सांगितलं ते इतकंच, की तो कसा वापरला गेला.

या पुस्तकाची मांडणी त्यामुळे नेहमीच्या क्रमाने नाही. चित्रपटाचा प्रेक्षक आधी लग्नातला पुटपुटणारा लुका पाहतो आणि फिलोमिनाची हकीगत त्याला कधी कळतच नाही. इथे तिचं प्रकरण पहिलं ठेवलं आहे, व्हलाचीवरचं दुसरं, आणि लग्नाचं तिसरं. ज्यांना भट्टीचा प्रसंग वाचवणार नाही त्यांनी तो गाळला तरी हरकत नाही, पण मग तिसऱ्या प्रकरणातल्या डॉनच्या चेहऱ्याचं वर्णन वाचताना आपण काय गाळलं आहे ते लक्षात ठेवावं, एवढी विनंती.